न दिलेल्या आदेशाची ताकद

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठा आरक्षणाचा कायदा एकमताने मंजूर केला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो रद्द ठरवला. निकाल योग्य की अयोग्य यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले, अजूनही बोलले जाते. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. कोट्यवधी लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने केलेला कायदा, जन्मात एकदाही मतदारांसमोर न गेलेली पाच माणसे रद्द कशी करू शकतात? हा अधिकार त्यांना दिला कोणी?

भारतापुरते उत्तर सोपे आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम १३ मध्ये ते स्पष्ट लिहिलेले आहे: मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा, त्या विसंगतीपुरता, शून्य. दाद कुठे मागायची तेही कलम ३२ आणि २२६ मध्ये सांगितलेले आहे. आपल्या घटनाकारांनी हे इतके उघडपणे लिहिले, कारण त्यांच्यासमोर दीडशे वर्षांचा अमेरिकेचा अनुभव होता. गंमत अशी की, ज्या अमेरिकेकडे पाहून हे लिहिले गेले तिच्या १७८७ च्या राज्यघटनेत असे एकही वाक्य नाही. संसदेचा कायदा न्यायालय रद्द करू शकते, असे तिथे कुठेच म्हटलेले नाही.

तरीही हा अधिकार तिथल्या न्यायालयाकडे आला. तो आणला व्हर्जिनियातल्या एका वकिलाने, १८०३ साली, एका किरकोळ पदाच्या किरकोळ भांडणात. त्याचे नाव जॉन मार्शल. आणि त्याने तो आणला तो कोणाला काही आदेश देऊन नव्हे, तर आदेश द्यायला नकार देऊन.

उपाशी फौजेतला लेफ्टनंट

मार्शलचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ चा, व्हर्जिनियाच्या सरहद्दीकडच्या भागातला. पंधरा भावंडांत तो थोरला. वडील थॉमस मार्शल जमिनीची मोजणी करणारे, जॉर्ज वॉशिंग्टनच्या ओळखीतले. शाळा म्हणावी अशी त्याला फारशी लाभलीच नाही. वाचन झाले ते बहुतेक घरीच.

विशीच्या उंबरठ्यावर असतानाच इंग्लंडविरुद्धचे युद्ध सुरू झाले आणि तो फौजेत दाखल झाला. १७७७-७८ चा हिवाळा त्याने व्हॅली फोर्जच्या छावणीत काढला. अमेरिकन इतिहासात ही छावणी प्रसिद्ध आहे ती लढाईसाठी नव्हे, उपासमारीसाठी. सैनिकांना जोडे नव्हते, पांघरुणे नव्हती, कित्येक दिवस धड अन्न नव्हते. शत्रूची एकही गोळी न लागता शेकडो माणसे रोगराईने मेली. आणि हे का घडत होते? देशात धान्य नव्हते म्हणून नव्हे. तेरा राज्यांच्या त्या सैल संघात मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची आणि राज्ये जमेल तेव्हा, जमेल तेवढे द्यायची किंवा द्यायचीच नाहीत.

पुढे उतारवयात मार्शलने लिहून ठेवले की, अमेरिका हाच आपला देश आणि काँग्रेस हेच आपले सरकार अशी सवय त्याला फौजेत लागली. त्याच्या पिढीतले बहुतेक लोक ‘माझा देश’ म्हणताना व्हर्जिनिया किंवा मॅसॅच्युसेट्स डोळ्यांसमोर आणत. मार्शलच्या पुढच्या सगळ्या निकालांची मुळे शोधायची तर ती कायद्याच्या पुस्तकांपेक्षा या छावणीत अधिक सापडतात, असे माझे मत आहे.

तुटपुंजे शिक्षण, चालती वकिली

कायद्याचे त्याचे औपचारिक शिक्षण म्हणजे १७८० साली विल्यम अँड मेरी कॉलेजात जॉर्ज विथ यांची काही आठवडे ऐकलेली व्याख्याने. त्या काळी यात वावगे काही नव्हते. बहुतेक वकील एखाद्या ज्येष्ठाच्या हाताखाली राबून आणि ब्लॅकस्टोनचा ग्रंथ वाचून तयार होत. मार्शलच्या त्या वेळच्या टिपणवह्या शिल्लक आहेत. त्यांत कायद्याच्या मुद्द्यांच्या अवतीभोवती एका मुलीचे नाव गिरवलेले दिसते: पॉली अँब्लर. १७८३ साली त्यांचे लग्न झाले.

या लग्नाला एक खमंग जोडगोष्ट आहे. पॉलीची आई रिबेका बरवेल हिच्यावर तरुणपणी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसनचे मन जडले होते; तिने दुसऱ्याशी लग्न केले. म्हणजे जेफरसनला नकार देणारी बाई मार्शलची सासू झाली. शिवाय मार्शल आणि जेफरसन आईकडून एकमेकांचे दूरचे नातेवाईक. दोघेही विथ यांचेच विद्यार्थी. पुढे आयुष्यभर या दोघांचे हाडवैर राहिले.

रिचमंडमध्ये मार्शलची वकिली चांगली चालली. माणूस उंच, कपड्यांच्या बाबतीत गबाळा, गप्पिष्ट आणि विरोधी वकिलालाही आवडेल असा. १७८८ मध्ये नवी राज्यघटना मान्य करायची की नाही हे ठरवायला व्हर्जिनियात परिषद भरली, तिचा तो सभासद होता. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आपल्या अधिकाराबाहेर जाऊन कायदा केला तर न्यायाधीश तो शून्य मानतील, असे त्याने तिथे बोलून दाखवले होते. म्हणजे कल्पना नवी नव्हती. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर हॅमिल्टननेही त्याच सुमारास वर्तमानपत्रांतून हाच युक्तिवाद मांडला होता. कल्पना हवेत होती. घटनेच्या मजकुरात मात्र नव्हती.

आणखी मजेची गोष्ट म्हणजे, १७९६ साली मार्शलने सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून एकच खटला लढवला, वेअर विरुद्ध हिल्टन, आणि त्यात त्याने बरोबर उलटे सांगितले. युद्धापूर्वीची इंग्रज सावकारांची देणी व्हर्जिनियाच्या कायद्याने बुडवता येतात का, असा तो वाद होता. मार्शल देणेकऱ्यांच्या बाजूने उभा होता. घटनेने स्पष्ट अधिकार दिला नसेल तर कायद्याच्या वैधतेवर प्रश्न उभा करण्याचा न्यायालयाला हक्क नाही, असे त्याने ठासून मांडले. तो खटला तो हरला. वकील अशिलासाठी बोलतो, स्वतःसाठी नव्हे. पण सात वर्षांनी त्याने जे केले ते पाहता हा युक्तिवाद वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही.

कोणाला नको असलेली खुर्ची

आज अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाची एक जागा रिकामी झाली की देश ढवळून निघतो. १८०० साली परिस्थिती अगदी वेगळी होती. पहिला सरन्यायाधीश जॉन जे १७९५ मध्ये राजीनामा देऊन न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला, कारण ते पद त्याला मोठे वाटले. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सने डिसेंबर १८०० मध्ये त्याला परत बोलावले, सेनेटने मंजुरीही दिली, तरी त्याने नाही म्हटले. या न्यायालयाला ना जोर, ना वजन, ना प्रतिष्ठा, असे त्याने अ‍ॅडम्सला कळवले. न्यायाधीशांना वर्षातले कित्येक महिने खराब रस्त्यांवरून गावोगाव फिरून खटले चालवावे लागत. वॉशिंग्टन ही नवी राजधानी वसवताना राष्ट्राध्यक्षासाठी घर बांधले, संसदेसाठी भवन बांधले. सर्वोच्च न्यायालयासाठी इमारत बांधायचे कोणाला सुचलेही नाही. त्याला संसद भवनातली एक समितीची खोली मिळाली. स्वतःची इमारत मिळायला १९३५ साल उजाडले.

मार्शल तेव्हा अ‍ॅडम्सचा परराष्ट्रमंत्री होता. त्याआधी १७९७ मध्ये तो फ्रान्सला शिष्टाईसाठी गेला असता तिथला परराष्ट्रमंत्री तालेराँ याच्या दलालांनी बोलणी सुरू करण्यासाठी लाच मागितली. ती न देता तो परतला आणि देशभर त्याचे नाव झाले. जेचा नकार हातात पडल्यावर अ‍ॅडम्सने समोर बसलेल्या मार्शललाच विचारले. ४ फेब्रुवारी १८०१ रोजी मार्शलने सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. आणि पुढचा एक महिना तो परराष्ट्रमंत्रीही राहिला! एकच माणूस एका हाताने मंत्रालयाचे शिक्के मारत होता आणि दुसऱ्या हाताने न्यायालय सांभाळत होता. याच महिन्यात त्याच्या हातून एक काम अर्धवट राहिले.

टेबलावर राहिलेल्या सनदा

१८०० च्या निवडणुकीत अ‍ॅडम्सचा फेडरलिस्ट पक्ष हरला होता. ४ मार्च १८०१ ला जेफरसन राष्ट्राध्यक्ष होणार होता आणि संसदही त्याच्या रिपब्लिकन पक्षाकडे जाणार होती. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा संबंध नाही.) जाता जाता फेडरलिस्टांनी न्यायखात्यात आपली माणसे भरून घेतली. नवा कायदा करून सोळा नवी न्यायाधीशपदे काढली. राजधानीच्या जिल्ह्यासाठी किरकोळ दावे आणि तंटे पाहणारे बेचाळीस दंडाधिकारी नेमले, प्रत्येकाची मुदत पाच वर्षे. सेनेटने ही नावे मंजूर केली ती ३ मार्चला, म्हणजे शेवटच्या दिवशी.

रीत अशी होती: राष्ट्राध्यक्षाने नेमणुकीच्या सनदेवर सही करायची, परराष्ट्रमंत्र्याने देशाची मोहोर उठवायची आणि मग ती सनद त्या माणसाला पोहोचवायची. अ‍ॅडम्सने सह्या केल्या. मार्शलने मोहोर उठवली. सनदा पोहोचवण्याचे काही काम त्याचा भाऊ जेम्स याने अंगावर घेतले. पण त्याला सगळ्या नेता येईनात म्हणून त्यातल्या काही त्याने कचेरीत परत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी जेफरसन सत्तेवर आला. (त्याला पदाची शपथ दिली ती मार्शलनेच.) टेबलावर पडलेल्या सनदा पाहून त्याने हुकूम दिला: द्यायच्या नाहीत.

विल्यम मार्बरी हा त्या सनदा न मिळालेल्यांपैकी एक. सुस्थितीतला, फेडरलिस्ट पक्षाचा माणूस. डिसेंबर १८०१ मध्ये तो आणि आणखी तिघे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. नवा परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन याने आमच्या सनदा आमच्या हवाली कराव्यात असा परमादेश काढा, अशी त्यांची मागणी होती. परमादेश म्हणजे सरकारी अधिकाऱ्याला ‘तुझे कर्तव्य आहे ते कर’ असे बजावणारा न्यायालयाचा हुकूम. आपल्याकडेही उच्च न्यायालये असा हुकूम काढतात.

मॅडिसनने न्यायालयाला उत्तर देण्याची तसदीही घेतली नाही. उलट जेफरसनच्या संसदेने फेडरलिस्टांची सोळा नवी न्यायाधीशपदे रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या बैठकीच्या तारखाच बदलल्या. चौदा महिने न्यायालय भरलेच नाही.

दोन्ही बाजूंनी आड

फेब्रुवारी १८०३ मध्ये न्यायालय भरले तेव्हा मार्शलसमोर काय होते ते नीट पाहायला हवे. निकालाचे सगळे मर्म तिथेच आहे.

एक वाट अशी: मॅडिसनला हुकूम द्यायचा. तो पाळणार नाही हे उघड होते. न्यायालयाजवळ पोलीस नाहीत, फौज नाही, खजिना नाही. हुकूम काढला आणि कोणी पाळला नाही, तर आधीच वजन नसलेल्या न्यायालयाची अब्रू चव्हाट्यावर जाणार. शिवाय जेफरसनच्या पक्षाकडे न्यायाधीशांवर महाभियोग आणण्याइतके बळ होते आणि इच्छाही होती.

दुसरी वाट: मार्बरीला परत पाठवायचे, तुझा हक्कच नाही म्हणून. मग सगळे जग म्हणणार, न्यायालय सरकारला घाबरले. राष्ट्राध्यक्षाने कायदा मोडला तरी त्याला विचारणारे कोणी नाही हेही मग सिद्ध झाले असते.

तिसरी वाट मार्शलने स्वतःच काढली. प्रश्नांचा क्रम बदलून.

> चौकट : मार्बरी विरुद्ध मॅडिसन, २४ फेब्रुवारी १८०३
>
> *मार्बरीला सनद मिळण्याचा हक्क आहे का?* आहे. सही झाली, मोहोर उठली, तिथेच नेमणूक पुरी झाली. सनद हातात देणे हा निव्वळ उपचार.
>
> *हक्क डावलला गेला तर कायदा त्याला इलाज देतो का?* देतो. मंत्री असला तरी कायद्याने नेमून दिलेले काम टाळण्याची त्याला मुभा नाही.
>
> *तो इलाज, म्हणजे परमादेश, या न्यायालयाकडे थेट मागता येतो का?* नाही. ज्या कायद्याने तशी मुभा दिली तो कायदाच घटनेविरुद्ध आहे.

पहिल्या दोन उत्तरांनी जेफरसनची कानउघाडणी झाली. तिसऱ्या उत्तराने मार्बरीच्या हाती काहीच पडले नाही. जेफरसनला हवा तो निकाल मिळाला, त्यामुळे त्याला झुगारून द्यायला हुकूमच उरला नाही. आणि जाता जाता, संसदेचा एक कायदा न्यायालयाने रद्द केला होता.

तो कायदा कोणता? १७८९ चा न्यायव्यवस्था कायदा, त्याचे कलम १३. सरकारी अधिकाऱ्यांना परमादेश काढण्याचा अधिकार त्याने सर्वोच्च न्यायालयाला दिला होता. उलट राज्यघटनेत असे होते की, काही ठरावीक खटलेच थेट सर्वोच्च न्यायालयात सुरू होतील: परदेशी राजदूत वगैरेंशी संबंधित आणि ज्यांत एखादे राज्य पक्षकार आहे असे. बाकी सगळे खालून अपिलाने येतील. मार्बरी राजदूत नव्हता, राज्यही नव्हता. तो थेट आला होता. मार्शल म्हणाला, घटनेने आखून दिलेली ही यादी संसदेला साध्या कायद्याने वाढवता येणार नाही.

थोडक्यात, न्यायालयाने संसदेचा जो कायदा मोडीत काढला तो न्यायालयालाच जादा अधिकार देणारा होता. लहान अधिकार नाकारला आणि तो नाकारताना मोठा अधिकार घेतला. अशा निकालाविरुद्ध तक्रार तरी कोण करणार?

खजिनदारापुढचे दोन कागद

आता मुख्य युक्तिवाद. घटनेत लिहिलेले नसताना न्यायालय कायदा रद्द कसे करू शकते?

आपली गृहनिर्माण संस्था डोळ्यांसमोर आणा. नोंदणी झालेल्या पोटनियमांत लिहिले आहे की, सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय कार्यकारी समितीने अमुक रकमेवर खर्च करू नये. समितीने बहुमताने ठराव केला की, सभा न बोलावता त्याच्या पाचपट रकमेचे रंगकाम करायचे. धनादेशावर सही खजिनदाराची लागते. त्याच्यापुढे दोन कागद आहेत. एक म्हणतो सही कर, दुसरा म्हणतो करू नकोस. ‘मी या वादात पडत नाही’ असे त्याला म्हणता येत नाही, कारण सही करणे आणि न करणे या दोन्हींतून कोणता तरी एक कागद मानला जातोच. त्याने ठराव मानला तर पोटनियमांना अर्थ उरत नाही. समिती जेव्हा वाटेल तेव्हा साध्या ठरावाने ते बाजूला सारेल. म्हणून पोटनियम वर, ठराव खाली.

मार्शलचे म्हणणे नेमके हेच होते. खटला समोर आला की न्यायाधीशाला कायदा लावावाच लागतो. कायदा काय आहे हे सांगणे हे न्यायालयाचे कामच. घटना हाही कायदा, संसदेचा तोही कायदा. दोघांत विरोध आला तर वरचा कोणता हे ठरवल्याशिवाय निकाल देता येत नाही. घटना लिहून काढली ती सरकारच्या अधिकारांना मर्यादा घालण्यासाठी. ज्याला मर्यादा घालायच्या त्यानेच त्या ओलांडाव्यात आणि कोणी बोलू नये, तर लिहिण्याचे श्रम कशाला घेतले? शिवाय न्यायाधीश घटनेचे पालन करण्याची शपथ घेतो, हेही त्याने पुढे केले.

यावर समितीचे सभासद विचारतील: पोटनियम आम्हीही वाचलेत, आमच्या वाचनाप्रमाणे ठराव नियमात बसतो, खजिनदाराचेच वाचन खरे हे कोणी ठरवले? शपथ तर आम्हीही घेतली आहे. हा आक्षेप पोकळ नाही. जेफरसनचा आक्षेप हाच होता: शासनाच्या प्रत्येक शाखेने आपल्यापुरता घटनेचा अर्थ लावावा. मार्शलच्या निकालात या आक्षेपाला पुरे उत्तर सापडत नाही. आपल्या घटनाकारांनी कलम १३ लिहून हा वाद मिटवून टाकला, हे आपले भाग्य.

निकालातल्या फटी

कायद्याचे अभ्यासक या निकालाचे कौतुक करतात आणि त्याच दमात त्याची चिरफाडही करतात. पहिली गोष्ट, ज्या माणसाच्या कचेरीतून सनदा गेल्या नाहीत तोच माणूस न्यायासनावर होता, आणि सनदांबद्दलची साक्ष त्याच्या भावाच्या प्रतिज्ञापत्रातून आली. आज असा न्यायाधीश खटल्यातून बाजूला होईल. दुसरी, आपल्याला अधिकारक्षेत्र आहे का हे न्यायालय सर्वांत आधी तपासते; मार्शलने ते सर्वांत शेवटी तपासले. अधिकारक्षेत्रच नव्हते, तर जेफरसनला उपदेश कशासाठी? खुद्द जेफरसन वीस वर्षांनंतरही पत्रातून याच मुद्द्यावर धुसफुसत होता. तिसरी, १७८९ च्या कायद्यातल्या कलम १३ चा अर्थ घटनेशी जुळेल असाही लावता आला असता. पण मग रद्द करायला कायदाच उरला नसता.

म्हणून या निकालाला न्यायशास्त्राचा आदर्श म्हणण्यापेक्षा राजकारणाची उत्तम चाल म्हणणे मला अधिक खरे वाटते. न्यायालय किती जपून पावले टाकत होते याचा पुरावा पुढच्याच आठवड्यात मिळतो. संसदेने सोळा न्यायाधीशपदे रद्द केली होती, तो खरा मोठा घाव होता. त्याबद्दलचा खटला २ मार्चला निकाली निघाला आणि न्यायालयाने संसदेचे म्हणणे मुकाट्याने मान्य केले.

पुढच्या वर्षी न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांच्यावर महाभियोग आला. त्या दिवसांत मार्शलने चेस यांना लिहिलेले एक पत्र आहे. न्यायाधीशाला काढून टाकण्यापेक्षा, संसदेला न पटलेला निकाल संसदेनेच उलटवावा हे जास्त बरे, असे त्यात तो म्हणतो. मार्बरी निकाल लिहिणाऱ्याचे हे शब्द! १ मार्च १८०५ ला चेस सेनेटमध्ये निर्दोष सुटले आणि मार्शलला ही माघार जाहीरपणे घ्यावी लागली नाही.

सगळ्यांचे मिळून एक मत

त्याने केलेला दुसरा बदल दिसायला साधा आहे. पूर्वी इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक न्यायाधीश आपले मत वेगळे वाचून दाखवी. ऐकणाऱ्याला न्यायालयाचे म्हणणे नक्की काय ते गोळा करत बसावे लागे. मार्शलने ‘न्यायालयाचे मत’ म्हणून एकच निकालपत्र द्यायला सुरुवात केली आणि बहुतेक वेळा ते स्वतः वाचले. सगळे न्यायाधीश वॉशिंग्टनमध्ये एकाच खाणावळीत उतरत, एकत्र जेवत आणि जेवतानाच खटल्यांचा काथ्याकूट करत. पाऊस पडत असेल तरच मद्य घ्यायचे असा त्यांचा नियम होता म्हणे; आणि आकाश निरभ्र असले की मार्शल म्हणे, आपले अधिकारक्षेत्र एवढे अफाट आहे की कुठे तरी पडतच असेल.

या स्नेहाचा परिणाम मोठा झाला. १८११ पर्यंत न्यायालयात बहुमत जेफरसन आणि मॅडिसन यांनी नेमलेल्यांचे होते. तरीही निकाल मार्शलच्या दिशेने जात राहिले. १८१९ मध्ये मॅक्युलॉक खटल्यात त्याने ठरवले की, संघराज्याच्या बँकेवर मेरीलँड राज्याला कर बसवता येणार नाही, कारण कर बसवणाऱ्याच्या हातात बुडवण्याची ताकद असते. १८२४ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीमधल्या आगबोटींची मक्तेदारी मोडून काढली: राज्याराज्यांतला व्यापार हा संसदेचा विषय. व्हॅली फोर्जच्या लेफ्टनंटाने राज्यांच्या मनमानीचा असा हिशेब चुकता केला.

हुकूम निघाला, पाळला कोणी नाही

१८०३ मध्ये मार्शलने जे टाळले ते १८३२ मध्ये त्याच्यासमोर उभे ठाकले. जॉर्जिया राज्याने चेरोकी या मूळ रहिवाशांच्या प्रदेशावर आपले कायदे लादले. तिथे परवान्याशिवाय राहिल्याबद्दल सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. मार्शलने निकाल दिला की, चेरोकी हा वेगळा समाज आहे, जॉर्जियाचे कायदे तिथे चालत नाहीत, वूस्टरची शिक्षा रद्द. जॉर्जियाने न्यायालयात वकीलही पाठवला नव्हता. निकालानंतर कैद्याला सोडलेही नाही. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनला या निकालात काडीचा रस नव्हता. ‘मार्शलने निकाल दिलाय, आता त्यानेच तो अमलात आणावा’ असे उद्गार जॅक्सनच्या नावावर सांगतात. त्याने ते खरोखर काढले याला भक्कम पुरावा नाही, पण त्याची वागणूक तशीच होती.

वूस्टर सुटला तो १८३३ च्या जानेवारीत, गव्हर्नरच्या मर्जीने. चेरोकींना १८३८ मध्ये बंदुकीच्या धाकाने पश्चिमेकडे हाकलण्यात आले आणि वाटेत हजारो मेले. त्यांच्या जमिनीवरचा हक्क कमकुवत करण्यात मार्शलचाही हात होता, हे विसरून चालणार नाही. १८२३ च्या एका निकालात त्यानेच म्हटले होते की, मूळ रहिवाशांना जमिनीवर राहण्याचा हक्क आहे, पण ती सरकारशिवाय कोणाला विकता येणार नाही. मालकी ‘शोध’ लावणाऱ्या युरोपीय सत्तेची आणि तिच्या वारसाची.

तसाच गुलामांचा प्रश्न. मार्शलने आयुष्यभर गुलाम बाळगले, विकत घेतले, विकले. अँटिलोप जहाजाच्या खटल्यात, १८२५ मध्ये, गुलामांचा व्यापार निसर्गाच्या कायद्याविरुद्ध आहे असे त्याने लिहिले. पण राष्ट्राराष्ट्रांच्या रूढ कायद्याविरुद्ध नाही, असे म्हणून तो तिथेच थांबला. अलीकडच्या संशोधनाने ही बाजू पुढे आणल्यावर शिकागोतल्या ‘जॉन मार्शल लॉ स्कूल’ने २०२१ मध्ये त्याचे नाव काढून टाकले.

६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फियात तो वारला. चौतीस वर्षे तो सरन्यायाधीश होता. तेवढी कारकीर्द तिथल्या दुसऱ्या कोणा सरन्यायाधीशाची अजून झालेली नाही. या साऱ्या काळात, मार्बरीनंतर, त्याच्या न्यायालयाने संसदेचा एकही कायदा घटनाबाह्य ठरवला नाही.

तो अधिकार पुन्हा वापरला गेला तो १८५७ मध्ये, त्याच्या जागी आलेल्या रॉजर टेनी याच्या हातून. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी दावा लावला होता. काळ्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व असू शकत नाही, असे टेनीने ठरवले, आणि देशाच्या काही प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालणारा संसदेचा १८२० चा कायदा घटनाबाह्य म्हणून रद्द केला. चार वर्षांत यादवी युद्ध पेटले. टेनीचा निकाल पुसून टाकायला घटनेत तेरावी आणि चौदावी दुरुस्ती करावी लागली. दुसरी मंजूर झाली ती १८६८ साली.